उलटा तिरकस गुणाकार सोडून दे

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. संयुजा दिल्या की तिरकस गुणाकार करून रेणुसूत्र लिहिता येतं, पण सूत्र देऊन धातूवरचा प्रभार विचारला की गडबड होते. मी तोच गुणाकार उलटा करते. फेरिक ऑक्साइडचं उत्तर बरोबर आलं. टायटॅनिअम डायऑक्साइडमध्ये मात्र टायटॅनिअम +२ आणि ऑक्सिजन −१ आला आणि मार्क गेले. क्लासमध्ये सांगतात, सगळ्यांचे प्रभार पाठ करा. लोहाचे दोन, तांब्याचे दोन, मँगनीजचे तर विचारूच नका. कुठे कुठला घ्यायचा हे ओळखायचं कसं? आमच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं म्हणून त्याचं गणित करून बघितलं, तर दोन उत्तरं निघाली. – अकरावीतली विद्यार्थिनी, रत्नागिरी तालुका

उत्तर : मार्क गेले ते पाठांतर कमी पडलं म्हणून नव्हे. दोष त्या उलट्या गुणाकाराचा आहे. सूत्र लिहिताना शेवटी आपण आकड्यांना भाग देऊन ते लहान करतो. टायटॅनिअम +४ आणि ऑक्सिजन −२ तिरकस मांडले की दोन टायटॅनिअमना चार ऑक्सिजन येतात. दोनाने भाग दिला की एकाला दोन उरतात. आपण भाग दिला होता याची खूण मात्र सूत्रात कुठेच राहत नाही. त्यामुळे तयार सूत्रावरून मागे जाताना मूळ आकडे सापडत नाहीत. फेरिक ऑक्साइडमध्ये दोन लोह आणि तीन ऑक्सिजन आहेत. दोन आणि तीन यांना भाग जातच नव्हता, म्हणून तिथे तुझं उत्तर जुळलं. मॅग्नेशिअम ऑक्साइड, कळीचा चुना म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, मँगनीज डायऑक्साइड, लेड डायऑक्साइड, या सगळ्यांत ही पद्धत दगा देते. पाचांपैकी दोन वेळा बरोबर येणारी पद्धत फार वाईट, कारण आपण चुकतोय याचा संशयच येत नाही. ती सोड.

पायथ्याचा आकडा फक्त अणू किती ते सांगतो. प्रभार काढायला दुसरी गोष्ट लागते : संयुग उदासीन असतं, म्हणजे त्यातल्या सगळ्या धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य होते. सूत्रात ज्याचा प्रभार कधी हलत नाही असा घटक आधी पकडायचा, त्याचा एकूण प्रभार काढायचा, आणि उरलेला प्रभार ज्याचा हलतो त्याच्या नावावर टाकायचा. टायटॅनिअम डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन −२, असे दोन, एकूण −४. टायटॅनिअम एकच, म्हणून +४. लेड डायऑक्साइडमध्ये शिसं तसंच +४. फेरिक क्लोराइडमध्ये तीन क्लोरीन मिळून −३, म्हणून लोह +३. एवढंच गणित आहे.

आता न हलणारे कोण, ते बघू. इथे थोडं पाठांतर लागतं, पण आवर्तसारणी समोर असली तर तेही फारसं नाही. पहिल्या गणातले सोडिअम, पोटॅशिअम नेहमी +१. दुसऱ्या गणातले मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम नेहमी +२. ॲल्युमिनिअम +३, झिंक +२, चांदी बहुतेक सगळीकडे +१. अधातूंमध्ये फ्लोरीन कायम −१. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे धातूशी सरळ जोडलेले असले तर −१. ऑक्सिजन −२, त्याला एक-दोन अपवाद आहेत, ते पुढे येतील. हायड्रोजन अधातूबरोबर +१ आणि सोडिअम हायड्राइडसारख्या धातूच्या संयुगात −१.

हे का हलत नाहीत, ते एकदा आकड्यांत बघितलंस की पुन्हा विसरणार नाहीस. मॅग्नेशिअमच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ७३८ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला १४५१, आणि तिसऱ्याला एकदम ७७३३. तिसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कक्षेतला असतो आणि तेवढी किंमत कुठलीच अभिक्रिया मोजत नाही. म्हणून मॅग्नेशिअम +२ वर थांबतं. लोहाचे हेच आकडे ७६२, १५६२ आणि २९५७ आहेत. तिसरा महाग आहे, पण आवाक्याबाहेर नाही. जोडीदार कोण आणि आजूबाजूला ऑक्सिजन किती, यावर लोह कधी +२ वर थांबतं, कधी +३ वर जातं. तांबं, क्रोमिअम, मँगनीज, कोबाल्ट या मधल्या पट्ट्यातल्या धातूंची तीच गत. त्यांचे प्रभार पाठ करून उपयोग नाही, कारण तेच तर आपल्याला सूत्रावरून काढायचे असतात. (जाता जाता : लोहातून इलेक्ट्रॉन काढताना आधी ४एस या कक्षकातले दोन जातात, मग ३डी या कक्षकातला एक. भरताना ३डी नंतर भरलं म्हणून आधी ३डी रिकामं करणं, ही अकरावीतली नेहमीची चूक.)

पाठ करायचीच असतील तर संयुक्त मूलकं, म्हणजे मिळून एकच प्रभार असलेले अणूंचे गट, पाठ कर. इथे मात्र घोकंपट्टीला पर्याय नाही. −१ वाली : हायड्रॉक्साइड, नायट्रेट, नायट्राइट, बायकार्बोनेट, क्लोरेट, परमँगनेट, सायनाइड, ॲसिटेट. −२ वाली : सल्फेट, सल्फाइट, कार्बोनेट, क्रोमेट, डायक्रोमेट. −३ : फॉस्फेट. आणि धन बाजूला एकटं अमोनिअम, +१. ही वीस मिनिटांत होतात आणि दोन वर्षं पुरतात.

मूलक दिसलं की ते फोडायचं नाही, अख्खं ठेवायचं. फेरिक सल्फेट घे : दोन लोह आणि कंसाबाहेर तीन असलेली सल्फेटं. सल्फेट −२, असे तीन, एकूण −६. लोह दोन, म्हणून प्रत्येकी +३. पुष्कळ मुलं इथे कंस फोडून बारा ऑक्सिजन आणि तीन गंधक मोजत बसतात. मग लोह आणि गंधक दोन्ही अज्ञात होतात आणि एकाच समीकरणातून दोन अज्ञात निघत नाहीत. दुसरी चूक शेवटच्या पायरीला होते : +६ आलं की तेच उत्तर म्हणून लिहून टाकतात, अणू दोन आहेत हे विसरतात. पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये मूलकाच्या आतल्या क्रोमिअमचाच आकडा विचारतात, म्हणून तिथे मूलक फोडावंच लागतं, आणि याच पायरीवर हमखास मार्क जातात. दोन पोटॅशिअमचे +२, सात ऑक्सिजनचे −१४, उरले +१२. क्रोमिअम दोन आहेत, म्हणून प्रत्येकी +६.

मूलकाच्या आतल्या मूलद्रव्याचा आकडा विचारला तर बेरीज शून्य धरायची नाही, मूलकाच्या प्रभाराइतकी धरायची. सल्फेटमध्ये चार ऑक्सिजनचे −८ आणि बेरीज −२ यायला हवी, म्हणून गंधक +६. शून्य धरलीस तर +८ येईल. सहाच बाह्य इलेक्ट्रॉन असलेल्या गंधकाला +८ येणं शक्य नाही, तेव्हा हा आकडा दिसला की मागे जा. हा ताळा नेहमी करावा : कुठल्याही मूलद्रव्याचा आकडा त्याच्या गणाला झेपेल त्यापेक्षा मोठा आला तर मांडणी चुकली आहे. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट तिन्हींचा प्रभार −२ असतो, पण आतलं गंधक अनुक्रमे −२, +४ आणि +६ असतं.

स्फटिकातलं पाणी मोजायचं नाही. पाण्याचा रेणू स्वतःच उदासीन असतो, तो बेरजेत शून्य धरतो. मोरचुदाच्या सूत्रात कॉपर सल्फेटबरोबर पाच पाणी असतात. ती बाजूला ठेवली की सल्फेट −२, म्हणून तांबं +२.

मोरचूद तुझ्या ओळखीचं असणारच, कारण पावसाळ्यात सुपारीच्या बागांत कोळे रोगासाठी बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद ५० लिटरमध्ये, चुना ५० लिटरमध्ये वेगवेगळा विरघळवून दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओततात. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची कधीच नाही. मिश्रण झालं की घासून लखलखीत केलेला कोयता किंवा विळा त्यात थोडा वेळ धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घालायची. न चढला तर फवारायला हरकत नाही.

या एका परीक्षेत तुझा सगळा धडा आहे. मोरचुदात तांबं +२. चुन्याशी मिसळल्यावर ते हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्याला जातं, पण हायड्रॉक्साइड −१ असे दोन, म्हणजे तांबं तिथेही +२ च. जोडीदार बदलला, प्रभार तोच राहिला. चुना पुरेसा नसेल तर काही तांबं पाण्यात मोकळं +२ राहतं. त्यात लोखंडाचं पातं बुडवलं की लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन +२ होऊन पाण्यात उतरतो, आणि तांबं ते दोन इलेक्ट्रॉन घेऊन शून्य प्रभाराचं धातू बनून पात्याला चिकटतं. तांबूस थर म्हणजे ते शून्य. लोखंडी बादली का नको, तेही यातच आलं : बादली झिजते आणि बुरशी मारायला लागणारं तांबं भांड्यालाच बसतं. मोकळं, एकटं मूलद्रव्य असेल तेव्हा आकडा शून्य, हा नियम मुलं नेहमी विसरतात. पात्यावरचा थर आठवला तर विसरणार नाहीस.

एकाच लोहाचे दोन प्रभार डोळ्यांनी बघायचे असतील तर जांभ्याच्या सड्यावरच्या एखाद्या बोअरवेलचं पाणी बघ. सगळ्याच बोअरना हे होत नाही, पण जिथे होतं तिथे लोक सांगतात, पाणी काढताना स्वच्छ असतं आणि कळशीत ठेवलं की पिवळं पडतं. जमिनीखाली हवा पोचत नाही, तिथे लोह +२ असतं आणि विरघळून राहतं, म्हणून दिसत नाही. वर आल्यावर हवेतला ऑक्सिजन मिळतो. चार लोह प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात, ऑक्सिजनचा एक रेणू चार घेतो, आणि लोह +३ होतं. +३ चं लोह साध्या पाण्यात विरघळून राहत नाही. त्याचं तांबूस-पिवळं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. पारदर्शक बाटली अर्धी भरून, हलवून, झाकण उघडं ठेवून काही तास ठेव म्हणजे साका दिसेल. नळातून येतानाच पाणी तांबूस असेल तर तो पाइपचा गंज किंवा माती असू शकते, त्यावरून निष्कर्ष काढू नको. जांभा तांबडा असतो तोही +३ च्या लोहामुळेच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाच फरक सोडिअम हायड्रॉक्साइडने दाखवतात. +२ ला मळकट हिरवा अवक्षेप, +३ ला तांबूस तपकिरी. हिराकसाचं म्हणजे फेरस सल्फेटचं द्रावण ताजं नसेल तर अवक्षेप सुरुवातीपासूनच तपकिरी दिसतो आणि मुलं निरीक्षणात "फेरिक" लिहितात. क्षार चुकीचा दिलेला नसतो; बाटलीतल्या लोहाचं हवेने +३ झालेलं असतं. द्रावण ताजं करून त्यात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं तर ते जास्त टिकतं.

फेरस–फेरिक, क्युप्रस–क्युप्रिक या जुन्या नावांत "अस" म्हणजे कमी आणि "इक" म्हणजे जास्त, इतकंच कळतं. किती ते कळत नाही. फेरस +२ असतो, क्युप्रस +१. नवीन पद्धतीत नावापुढे कंसात रोमन आकडा येतो. तो एका अणूवरचा प्रभार असतो, अणूंची संख्या नव्हे. आयर्न ऑक्साइडपुढे रोमन तीन दिसला म्हणून तीन लोह लिहिणारे कमी नाहीत.

आता तुझं इल्मेनाइट. गणित तू बरोबरच केलंस. एक लोह, एक टायटॅनिअम, तीन ऑक्सिजन. ऑक्सिजनचे −६, म्हणून दोन धातूंचे मिळून +६. लोह +२ आणि टायटॅनिअम +४ चालतं, दोन्ही +३ सुद्धा चालतात. बेरीज दोन्हीकडे शून्य. दोन हलणारे धातू एका सूत्रात आले की नुसत्या बेरजेने निकाल लागत नाही, मोजमाप लागतं. लोहासाठी मॉसबाउअर वर्णपटमापन असतं आणि त्यात +२ आणि +३ वेगळे ओळखू येतात. इल्मेनाइटमध्ये लोह +२ आणि टायटॅनिअम +४ हेच धरतात. किनाऱ्यावर बराच काळ झिजलेल्या दाण्यांत काही लोहाचं +३ झालेलं असतं, पण परीक्षेच्या उत्तराला ते लागत नाही.

त्याच काळ्या वाळूत लोहचुंबकाला पटकन चिकटणारे दाणे असतात ते मॅग्नेटाइटचे. त्यात तीन लोह आणि चार ऑक्सिजन. ऑक्सिजनचे −८, म्हणून लोहाच्या +८ ला तीनने भागलं की आठ तृतीयांश येतं आणि मुलं घाबरतात. अपूर्णांक आला म्हणजे गणित चुकलं असं नाही. सूत्रात एकाच मूलद्रव्याचे दोन प्रकारचे अणू आहेत आणि आपण त्यांची सरासरी काढली आहे. इथे एक लोह +२ आणि दोन लोह +३ आहेत. दोन आणि सहा, आठ.

सरासरी कधीकधी पूर्णांक येते आणि मग जास्त फसवते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पुस्तकातलं सूत्र एक कॅल्शिअम, एक ऑक्सिजन, दोन क्लोरीन असं असतं. कॅल्शिअम +२, ऑक्सिजन −२, म्हणून क्लोरीन शून्य! पण आत मोकळा क्लोरीन नसतो. एक क्लोरीन क्लोराइडचा, −१. दुसरा हायपोक्लोराइटमधला, ऑक्सिजनला जोडलेला, +१. जंतू मारण्याचं काम या दुसऱ्याचं. अमोनिअम नायट्रेटमध्येही दोन नायट्रोजनची सरासरी +१ येते. आधी मूलकं सुटी केलीस तर खरं कळतं : अमोनिअममधला −३, नायट्रेटमधला +५. म्हणून एकच मूलद्रव्य सूत्रात दोन जागी लिहिलेलं दिसलं की बेरीज एकत्र करायची नाही.

ऑक्सिजनचे अपवाद. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि जोडी मिळून −२, म्हणजे प्रत्येकी −१. बेरिअम पेरॉक्साइड आणि लेड डायऑक्साइड यांची सूत्रं एकाच साच्यातली : एक धातू, दोन ऑक्सिजन. फरक कळतो तो धातूवरून. बेरिअम दुसऱ्या गणातलं, ते +२ च्या पुढे जात नाही, म्हणून तिथे ऑक्सिजनला −१ व्हावं लागतं. शिसं +४ होऊ शकतं, म्हणून तिथे ऑक्सिजन −२ च. हायड्रोजन पेरॉक्साइडलाही हाच न्याय. फ्लोरीनबरोबर ऑक्सिजन धन होतो, पण तेवढं एकच उदाहरण विचारतात.

एक भेद अकरावीपासून पाळायलाच हवा. सोडिअम क्लोराइडमधला +१ हा खरा प्रभार आहे; मीठ पाण्यात टाकलं की सोडिअमचा आयन सुटा फिरतो. परमँगनेटमधल्या मँगनीजचा +७ तसा नाही. सात इलेक्ट्रॉन गमावलेला उघडा मँगनीज त्या जांभळ्या पाण्यात कुठेच नसतो. तिथे मँगनीज आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात. आपण हिशेबापुरते ते सगळे ऑक्सिजनच्या खात्यावर टाकतो. त्या +७ ला ऑक्सिडेशन नंबर म्हणायचं, आयनचा प्रभार नाही. प्रश्नात "चार्ज ऑन दि आयन" असेल तर परमँगनेटचं उत्तर −१. "ऑक्सिडेशन स्टेट ऑफ मँगनीज" असेल तर +७. इंग्रजीतला प्रश्न घाईत वाचला की इथेच उत्तरं अदलाबदल होतात.

सरावाला ही घे, उत्तरं झाकून कर. कणकवली तालुक्यात सापडणारं क्रोमाइट : एक लोह, दोन क्रोमिअम, चार ऑक्सिजन, लोह +२ दिलं आहे, क्रोमिअम काढ. पोटॅशिअम फेरोसायनाइड : चार पोटॅशिअम, एक लोह, सहा सायनाइड. कॅल्शिअम फॉस्फेटमधलं फॉस्फरस. मर्क्युरस क्लोराइड : दोन पारा, दोन क्लोरीन, इथे सूत्राला भाग देऊन ते लहान करत नाहीत, कारण पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. उत्तरं क्रमाने +३, +२, +५, +१.

लिहिताना आयनचा प्रभार चिन्हाच्या डोक्यावर, आकडा आधी आणि चिन्ह नंतर : २+, ३+. एक असेल तर नुसतं चिन्ह. ऑक्सिडेशन नंबर लिहिताना उलट, चिन्ह आधी : +२, +३. आणि धन आकड्यापुढचं अधिकचं चिन्ह गाळू नको.